फरक पडला

मराठी माणूस तिशीत भेटला तर विचारतो, "काय, कसं काय?" चाळिशी उलटल्यावर भेटला की विचारतो, "काय, काही फरक?" कशातला फरक, हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते विचारावं लागत नाही. गुडघ्यातला, पित्तातला, झोपेतला, गेलाबाजार सूनबाईंच्या वागण्यातला, कुठल्या ना कुठल्या फरकाची वाट आपण सगळेच पाहत असतो. उत्तरही ठरलेलं आहे. औषध सुरू करून चार दिवस झालेले असोत की चार वर्षं, गृहस्थ मान जराशी कलती करतात, डोळे अर्धवट मिटतात आणि म्हणतात, "आहे. फरक आहे."

ह्याच गृहस्थांकडे शंभर रुपये उसने मागून बघा. ते तुम्हाला तीन प्रश्न विचारतील आणि चौथ्याला सुटे नाहीत म्हणतील. पण "फरक पडला" हे प्रमाणपत्र ते फुकट देतात, न मागता देतात, आणि सही-शिक्का नसतानाही ते गावभर वटतं.

मी बँकेत कारकून आहे. तारीख पाहायची, अक्षरी आणि अंकी रक्कम पडताळायची आणि सही जुळल्याखेरीज चेक पुढे सरकवायचा नाही, ह्याचा मला गेली बावीस वर्षं पगार मिळतो आहे. अशा माणसाच्या हातून एक दिवस "फरक पडला" हा दोन शब्दांचा चेक काहीएक न तपासता पास झाला, आणि तो ज्यांच्या हाती पडला त्यांनी त्याच्या भरवशावर आपलं हृदय पणाला लावलं. त्याची ही हकिगत.

सुरुवात शिबिरापासून झाली. आमच्या शाखेत एका प्रयोगशाळेने सवलतीच्या दरात रक्ततपासणी ठेवली होती. सवलत आहे म्हटल्यावर आमचे लोक रक्तसुद्धा देतात. दोन दिवसांनी कागद हातात आला: एकूण कोलेस्टेरॉल २४२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड्स २२०, व्हीएलडीएल ४४, एलडीएल १६२. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी आधी बेरीज केली. छत्तीस अधिक चव्वेचाळीस अधिक एकशे बासष्ट, दोनशे बेचाळीस. ताळा जमला. ताळा जमला की कारकुनाला निम्मं बरं वाटतं. मग तोटा कितीही असो.

पुढे वाचनात आलं, की ताळा जमणारच होता. पुष्कळ ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजतच नाहीत. १९७२ साली फ्रीडवाल्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र काढलं. ट्रायग्लिसराइड्सना पाचाने भागा, ते व्हीएलडीएल. ते आणि एचडीएल एकूण रकमेतून वजा करा, उरेल ते एलडीएल. म्हणजे ज्या आकड्याने भल्याभल्यांची झोप उडते तो 'शिल्लक पुढे ओढली' ह्या सदरातला निघाला. ट्रायग्लिसराइड्स चारशेच्या वर गेली तर हे सूत्र चालत नाही, पण माझी तेवढी ऐपत नव्हती.

डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. कोलेस्टेरॉल हा तुपासारखा माल, रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर तो टेम्पोत भरून पाठवतं. एलडीएल हे माल पोचवणारे टेम्पो आणि एचडीएल हे उरलेला माल यकृताकडे परत आणणारे. पोचवणारे फार झाले, की माल रस्त्याच्या कडेला पडू लागतो आणि रस्ता अरुंद होतो. चिंचवडात राहणाऱ्या आणि चाकणचा रस्ता पाहिलेल्या माणसाला ह्याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

"तीन महिने रोज चाला, फरसाण आणि वडे कमी करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मग औषधाचं बघू," डॉक्टर म्हणाले.

ह्यात तीन कलमं होती. पहिलं मी लगेच अमलात आणलं, दुसऱ्यावर विचार सुरू केला आणि तिसरं विसरलो.

चालायला मी मोरया गोसावींच्या समाधी मंदिरामागे, पवनेच्या घाटाच्या बाजूला जातो. तिथे आमचं सहाजणांचं टोळकं आहे. एकूण चालणं वीस मिनिटं आणि त्यावरची चर्चा चाळीस मिनिटं, असा आमचा व्यायाम. टोळक्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी माझा अहवाल ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून एक डबा काढला. आत गुग्गुळ, लसूण, दालचिनी आणि हिरव्या चहाचा अर्क, एकाच कॅप्सूलमध्ये. किंमत एक हजार आठशे पन्नास. महिनाभर पुरतो.

"डॉक्टर काय, केमिकल लिहून देणार," ते म्हणाले. "हे नैसर्गिक आहे. चरबी विरघळवून टाकतं. मला स्वतःला फरक पडलाय."

डब्यावर अगदी बारीक अक्षरात, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असंही छापलेलं होतं. कर्जाच्या कागदांवरचा बारीक मजकूर ग्राहकाने वाचावा म्हणून मी रोज दहा जणांना बजावतो. तो मजकूर मी स्वतः चष्मा काढून वाचला. म्हणजे वाचलाच नाही.

कॅप्सूल सुरू झाली आणि माझ्या आयुष्यात एक प्रकारची नैतिक समृद्धी आली. पूर्वी स्टेशनजवळ वडापाव खाताना मनाला टोचणी लागे. आता वडा नावे आणि कॅप्सूल जमा, अशी दुहेरी नोंद होऊ लागली. पंधरा दिवसांत पँटचा पट्टा एक भोक आत गेला. तो नवा पट्टा होता आणि नवी चामडी ताणते, हे माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी उत्साह वाटू लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कुटुंब माहेरी गेलं होतं, त्याच्याशी ह्या उत्साहाचा काही संबंध असेल असंही मला सुचलं नाही.

तीन महिने झाले तरी मी पुन्हा तपासणी केली नाही. का केली नाही, ह्याचं उत्तर त्या वेळी माझ्याकडे तयार होतं: फरक पडला आहे, मग तपासायचं कशाला? आणि फरक पडला हे कशावरून? तर तपासावंसं वाटत नव्हतं, ह्यावरून. खरं कारण आज सांगतो. कागदावर पुन्हा १६२ आलं असतं तर डबाही गेला असता आणि वडाही.

इथवर माझं नुकसान माझ्यापुरतं होतं. पण ह्या टप्प्यावर आमचे साडू रंगमंचावर येतात.

आमचे साडू निगडी प्राधिकरणात राहतात आणि चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहेत. दिवसभर लोखंडी भाग मायक्रोमीटरने मोजायचे आणि केसाच्या जाडीइतका फरक सापडला की पेटीच्या पेटी परत पाठवायची, हे त्यांचं काम. अंगाने ते काटक. लग्नातला सूट आजही त्यांना होतो. ही गोष्ट आमच्या घरी वर्षातून दोनदा निघते. तरीही त्यांना कोलेस्टेरॉलसाठी रोज एक गोळी होती, कारण त्यांच्या वडिलांना पन्नाशीतच हृदयविकाराचा झटका आला होता आणि खुद्द साडूंचे आकडे माझ्याहून वाईट होते.

एवढ्या सडपातळ माणसाला हे कसं, असं मला नेहमी वाटे. त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचा फोटो छापून आणला. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघेही बारीक. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो बॉडी मास इंडेक्स असतो तो दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! त्याआधी पुण्याभोवतालच्या गावांतल्या तान्ह्या मुलांचीही त्यांनी मापं घेतली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचं स्नायूंचं मांस जितकं कमी भरलं, तितकी कातडीखालची चरबी कमी भरली नव्हती. म्हणजे आपण जन्मतःच बाहेरून काटकसरी आणि आतून साठेबाज. शर्टावरून माणसाच्या रक्ताचा अंदाज बांधू नये, एवढा ह्याचा अर्थ.

हे मी नंतर वाचलं. त्या मे महिन्यात साडू घरी आले तेव्हा माझं वाचन डब्याच्या झाकणापुरतं होतं.

"साडूभाऊ, त्या गोळीने माझ्या पोटऱ्या दुखतात," ते म्हणाले. "तुम्ही ते काय गुग्गुळ-बिग्गुळ घेता म्हणे. काही फरक?"

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय म्हणतो? "माहीत नाही" म्हणायला वाचा बसते. साडे पाच हजार रुपये खर्चून "माहीत नाही" म्हणणारा माणूस मूर्ख ठरतो, आणि तोही साडूंसमोर! मी मान जराशी कलती केली, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणालो, "आहे. चांगला फरक आहे."

दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. साडूंनी आपट्याचं पान हातावर ठेवलं, पाठीवर थाप मारली आणि आपल्या कुटुंबाला म्हणाले, "ह्यांना आणखी श्रीखंड वाढ. ह्यांच्यामुळे त्या गोळीतून सुटलो मी. पाच महिने झाले, बंद केली. तुमचा डबा घेतो. फरक आहे!"

श्रीखंड घशाखाली उतरेना. वडा खाताना लागणारी टोचणी वेगळी आणि ही वेगळी. मी त्यांना गोळी बंद करा असं म्हटलं नव्हतं, हे खरं. पण चेकवर 'पैसे उधळून टाका' असंही कुठे लिहिलेलं असतं?

त्या रात्रीपासून मी वाचायला बसलो. कॉलेजात असताना एवढं वाचलं असतं तर आज शाखाधिकारी असतो.

गुग्गुळाची गोष्ट मुळात अगदी सरळ आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्यावरून १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती ह्यांनी सशांवर प्रयोग करून प्रबंध लिहिला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क शुद्ध करून औषध तयार केलं आणि १९८० च्या दशकात ते बाजारातही आलं. भारतातल्या काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलं होतं. मग २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली. काहींना गुग्गुळाचा अर्क, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या; कोणाला काय, हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. निकाल असा लागला, की गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्के वाढलं आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचं पाच टक्के उतरलं.

ह्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. ज्यांच्या पोटात काहीच गेलं नव्हतं त्यांना फरक पडला होता! आणि त्यातला एकही खोटं बोलत नव्हता. रक्तातले हे आकडे मुळात स्थिर नसतात. ट्रायग्लिसराइड्स तर आदल्या दिवशीच्या जेवणावरही हलतात. शिवाय माणूस उपाय शोधायला लागतो तो आकडा वर गेलेला असताना. वर गेलेला आकडा पुढच्या खेपेला आपण होऊन थोडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. मधल्या काळात तुम्ही गुग्गुळ घ्या, अंगारा लावा किंवा शेजाऱ्याशी भांडण मिटवा. श्रेय त्याला जाणार.

२०२२ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी ही परीक्षा आणखी मोठ्या वर्गाची घेतली. सुमारे १९० माणसं, २८ दिवस. काहींना स्टॅटिनची छोटी गोळी, काहींना पोकळ गोळी आणि बाकीच्यांना लसूण, दालचिनी, हळद, माशाचं तेल वगैरे सहा पूरकांपैकी एकेक. स्टॅटिनवाल्यांचं एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. सहाही पूरकं पोकळ गोळीच्या पुढे जाऊ शकली नाहीत. ह्या अभ्यासाचा खर्च ती स्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, हेही मी कारकून ह्या नात्याने नोंदवून ठेवतो. माझ्या डब्यातल्या दोन वस्तू त्या यादीत होत्या.

आणि पोटऱ्या? २०२० साली लंडनमध्ये साठ माणसं निवडली, सगळी स्टॅटिनने त्रास होतो म्हणून सोडलेली. त्यांना काही महिने स्टॅटिनच्या बाटल्या दिल्या, काही महिने पोकळ गोळ्यांच्या आणि काही महिने रिकाम्या. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळ्यांच्या महिन्यांतही झाला. दुखणं खरं होतं. कारण चुकीचं धरलं होतं. काहींना स्टॅटिनचा खराच त्रास होतो, पण तेव्हा मात्रा किंवा गोळी बदलायची असते आणि ते डॉक्टरांनी, साडूंनी नव्हे.

शेवटी राहिला तो 'नैसर्गिक' हा शब्द. १९७३ साली जपानमध्ये अकिरा एंडो ह्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासून त्यांतून पहिलं स्टॅटिन मिळवलं. ती बुरशी क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती आणि पेनिसिलियम कुळातली होती. त्याच कुळातली बुरशी पाळून पेनिसिलिन काढण्यासाठी आपल्या पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. म्हणजे डॉक्टरांची 'केमिकल' गोळी तांदळावरच्या बुरशीची मुलगी आणि पिंपरीच्या पेनिसिलिनची मावसबहीण. साडूंच्या नात्यातलीच म्हणायची.

सगळीच पूरकं फसवी आहेत, असं मात्र नाही. माशाच्या तेलाने ट्रायग्लिसराइड्स खरोखर उतरतात. पण त्यासाठी त्यातला कामाचा भाग दिवसाला दोन ते चार ग्रॅम लागतो आणि नेहमीच्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये तो तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. चार ग्रॅमचा हिशेब केला तर रोज तेरा कॅप्सुला! त्यापेक्षा कोळीणबाईंशी सलोखा बरा. आमच्याच घरात सौ.चं बी-१२ कमी निघालं होतं. तिने आधी मोजलं, मग इंजेक्शनं घेतली, मग पुन्हा मोजलं. त्यानंतरच ती म्हणाली, "फरक पडला." तिला कॉमर्सची पदवी नाही.

माझी अस्वस्थता आमच्या कन्येच्या लक्षात आली. ती पुण्याला बी. ए.ला तत्त्वज्ञान शिकते. तिने तो विषय घेतला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तत्त्वज्ञानाला कोणती बँक कर्ज देते?

"बाबा, तुमची केस आमच्या अभ्यासात आहे," ती म्हणाली.

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. परदेशी वसायला निघालेली बायकामुलं त्यातून जायची आहेत. मालकाला शंका येते. पण दुरुस्तीचा खर्च मोठा. तो स्वतःची समजूत घालतो: इतकी वादळं झेललीत, हेही झेलील, देव काही इतक्या कुटुंबांना वाऱ्यावर सोडणार नाही. हळूहळू त्याचा खराच विश्वास बसतो. हसतमुखाने तो निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडतं आणि मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो.

"तो दोषी, हे कोणीही सांगेल," कन्या म्हणाली. "पण क्लिफर्डचं पुढचं म्हणणं ऐका. समजा जहाज बुडलंच नाही, सुखरूप पोचलं. तर तो कमी दोषी का? क्लिफर्ड म्हणतो, मुळीच नाही. फक्त पकडला गेला नाही. प्रश्न विश्वास खरा ठरला की खोटा, हा नाहीच. तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार होता का, हा आहे."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि निगडीला गेलो.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला.

"म्हणजे दुसरं रीडिंग तुम्ही घेतलंच नव्हतं?"

"नाही."

"मग फरक कशाच्या तुलनेत म्हणालात?"

"पट्ट्याच्या."

"असा पीस माझ्या टेबलावर आला असता तर मी रिजेक्ट केला असता," साडू म्हणाले. मी मान खाली घातली. थोड्या वेळाने तेच हळू आवाजात म्हणाले, "पण तुम्हाला रीडिंग मी तरी कुठे विचारलं? मला तेच ऐकायचं होतं."

आठवड्याभरात त्यांनी तपासणी केली. गोळी चालू असताना एलडीएल ९२ होतं, ते १६८ झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास झापलं, पोटऱ्यांसाठी गोळी बदलून दिली आणि दीड महिन्याने आकडा ९५ वर आला. हृदयाचा आलेख ठीक. जहाज बंदराला लागलं.

घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "अहो, झालं ना नीट? आता मनाला लावून घेऊ नका," सौ. म्हणाली. "तुम्ही चांगल्या मनानेच सांगितलं होतंत."

हे चांगल्या मनाचं कलम मला बी. कॉम.पासून पाठ आहे. आपल्याकडे १८८१ चा पराक्राम्य लेख कायदा आहे, क्लिफर्डच्या निबंधाहून चारच वर्षांनी धाकटा. त्याच्या १३१ व्या कलमात रेखांकित चेकची रक्कम ग्राहकासाठी वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण दिलं आहे. चेक भलत्याचा निघाला तरी बँक सुटते, पण केव्हा? तिने सद्भावनेने आणि हलगर्जीपणा न करता काम केलं असेल तर. दोन्ही पाहिजेत. नुसत्या सद्भावनेने कायदा सोडत नाही. आणि सही न पडताळता पास केलेल्या चेकवरची सही पुढे खरी निघाली, म्हणून हिशेबतपासनीस पाठ थोपटत नाही. तो शेरा मारतोच.

हा विचार करताना मला जाणवलं, की काउंटरवर मी जी कसोटी परक्याच्या दोनशे रुपयांना लावतो ती घरच्या माणसाच्या जिवाला लावली नव्हती. कारण एकच. पैशाला आपण जोखीम मानतो आणि शब्दाला शिष्टाचार. "काही फरक?" असं कोणी विचारलं, की आपण त्याला धीर देतो, आपली अब्रू राखतो, संभाषण गोड करतो. समोरचा मात्र त्या शब्दावर व्यवहार करतो. त्याला कुठे ठाऊक, की हा चेक शिल्लक नसलेल्या खात्यावरचा आहे!

मग मी माझी स्वतःची तपासणी केली. एकूण २३६, एचडीएल ३७, व्हीएलडीएल ४१, एलडीएल १५८. ताळा जमला. आठ महिने, आठ डबे, चौदा हजार आठशे रुपये. एलडीएल उतरलं चार अंकांनी. म्हणजे अंकामागे तीन हजार सातशे. आणि ते चार अंक कॅप्सूलचे की नुसत्या चढउताराचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी ह्या खेपेला चौथं कलम घातलं: इसबगोल. त्यातला चिकट तंतू आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. रोज सुमारे दहा ग्रॅम घेतलं तर एलडीएल पाच-दहा टक्के उतरू शकतं, आणि हे पुष्कळ चाचण्यांत दिसलेलं आहे. इतकी वर्षं जी पिवळट पूड वडील रात्री पेल्यात ढवळायचे आणि आम्ही भावंडं तोंड लपवून हसायचो, ती ह्या सगळ्या डब्यांत गुणी निघाली. तिच्याबद्दल घाटावर कोणी बोलत नाही, कारण तिच्यात कमिशन नाही.

घाटावरच्या त्या गृहस्थांनाही मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. "तुमच्या शरीराला लागू पडलं नसेल. मला मात्र फरक आहे," म्हणाले. मी विचारलं, "शेवटचं कधी तपासलंत?" ते चपलेचा अंगठा नीट करू लागले. त्यांचा चेहरा मी ओळखला. आठ महिने तो माझाच होता. परवा त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत जायचं ठरलं आहे, उपाशीपोटी. त्यांनी शनिवार नको म्हटलं, उपास मोडतो. उपाशीपोटी जाण्याने तो कसा मोडतो, हे मी विचारलं नाही.

माझ्या ह्या नव्या स्वभावामुळे टोळक्यात माझी लोकप्रियता थोडी उतरली आहे. "काही फरक?" ह्याला मी आता सरळ उत्तर देत नाही, अशी तक्रार आहे. परवा साडूंनी फोन केला. इसबगोल सुरू केल्याला पंधरा दिवस झाले होते.

"काय साडूभाऊ, काही फरक?"

सवयीने मान कलती होऊ लागली. ती मी सरळ केली.

"पोटाला आहे," मी म्हणालो. "रोज सकाळी, पुराव्यासकट. रक्ताचं तीन महिन्यांनी तपासून कळवतो."